अंजनवेलची ‘कंपनी’ येणार असं कळलं तेव्हा गावाने काय विचारलं होतं?

वेलदूरची_भाची

गणपतीला मामाकडे गेलो होतो. दापोलीवरून आलो की दाभोळला फेरीबोट धरायची आणि धोपाव्याला उतरायचं हा आमचा नेहमीचा रस्ता. बोटीवर लेक (सातवीत आहे) कठड्याला टेकून उभी होती, उजव्या हाताला खाडीच्या तोंडाशी ते सगळं दिसतं ना, टाक्या, चिमण्या, तिने विचारलं आई ही कसली फॅक्टरी आणि चालू आहे का. मी म्हटलं वीज बनवायची, गॅसवर. मग धूर का नाही? म्हटलं गॅसला कोळशासारखा धूर नसतो आणि तसंही बरेचदा बंदच असते. तर म्हणाली बंदच ठेवायची होती तर बांधली कशाला.

मला उत्तर देता येईना. घरी येऊन तीन आठवडे झाले तरी तो प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा.

हा वीज प्रकल्प अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने आणलेला. एन्रॉनवर राजकारणाच्या अंगाने ढीगभर लिहून झालंय, मुंडे पवार ठाकरे, एन्रॉनच्या अधिकारी रिबेका मार्क, ते सगळ्यांना पाठ आहे. मला ते नकोय. मला हवंय की प्रकल्प नुसता येणार होता, एक वीटही लागली नव्हती, तेव्हा अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांत माणसं आपसात काय बोलत होती. कारण मी तिथे होते. ९४ चा मे महिना, मी सहावीची परीक्षा देऊन सुट्टीला गेले होते आणि कातळावर जिथे मामी वाकट्या सुकत घालायची तिथे मोजणीवाल्यांनी चुना मारलेले दगड मांडून ठेवले होते. मामी रोज सकाळी ते दगड टाळून मासळी पसरायची. हलवायची नाही, सरकारी आहेत म्हणून, पण त्यांच्या मधून बरोब्बर वाट काढून एकेक वाकटी ठेवायची.

मामाचं शिक्षण चौथी. अक्षर त्याचं त्यालाच लागायचं नाही. देवळात मीटिंग झाली त्यानंतर त्याने मला बसवलं आणि माझ्या वहीच्या पानावर प्रश्न लिहून घेतले, सरकारी ऑफिसात द्यायचे म्हणून. पाच होते की सहा होते, मला दोनच आठवतात. एक, नोकरी घरटी एक की खातेदारामागे एक. दुसरा, गरम पाणी खाडीत सोडणार का.

तुमच्यापैकी कोणी त्या भागातलं असेल, किंवा जिथे गॅसचा प्रकल्प आला किंवा येणार होता अशा ठिकाणचं असेल तर लिहा प्लीज. ऐकीव नको, पाहिलेलं लिहा.

---

खाडीपलीकडचा

मी दाभोळचा. म्हणजे ज्या गावाचं नाव कंपनीला दिलं त्या गावचा, आणि कंपनी आमच्याकडे नाहीच! ती समोरच्या किनाऱ्यावर, गुहागर तालुक्यात. मुंबईत कोणाला गाव सांगितलं की अरे वा एन्रॉनवाले, मग मी सांगायचो की बाबा मधे वाशिष्ठीची खाडी आहे. आमची एक गुंठा जमीन गेली नाही पण नाव गेलं, आणि अंजनवेलवाल्यांची जमीन गेली पण त्यांचं नाव कुठे आलं नाही.

आमच्याकडे तेव्हा मुख्य बोलणं मासळीबद्दलच. खाडीच्या तोंडावर जहाजं येणार म्हणजे जाळी कुठे टाकायची. आजोबा सांगायचे खाडीचं तोंड म्हणजे घराचा उंबरा, माशाला आत यायला दुसरी वाट नाही. एवढंच आठवतं. पुढे आठवेल तसं लिहितो.

---

लोडडिस्पॅच_रिटायर्ड

भाची ताई, धागा चांगला काढलात. मी त्या भागातला नाही, पण वीज मंडळात ३४ वर्षं काढली त्यामुळे तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण तो प्रश्न मला बोर्डात असताना रोज पडायचा.

समजा तुम्ही खाणावळ लावली. करार असा की जेवा न जेवा, महिन्याचे पैसे द्यायचे, वीस वर्षं. वर जेवाल त्या दिवशी तांदूळ डाळीचा जो भाव असेल तो वेगळा. आणि हे दोन्ही हिशोब डॉलरमध्ये. आता तुमच्या घरी स्वस्तात जेवण होत असताना तुम्ही खाणावळीत जाल का? नाही जाणार. पण पैसे तर द्यावेच लागणार. दाभोळचा डिसेंबर १९९३ चा करार हा असा होता. स्थिर आकार वेगळा, इंधनाचा आकार वेगळा, वीज घेतली नाही तरी स्थिर आकार चुकत नाही.

सुरुवातीला युनिट २ रुपये ४० पैसे सांगत होते. ऑगस्ट ९५ ला युती सरकारने करार रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी, ९६ साली नवा करार, तेव्हा १ रुपया ८६ पैसे असं जाहीर केलं गेलं. मे १९९९ ला पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा सुरू झाला. आणि २००० सालात काही महिन्यांचं बिल युनिटला सात रुपयांच्या वर गेलं. का? तीन कारणं एकदम. कच्चं तेल ९९ च्या सुरुवातीला बॅरलला दहा बारा डॉलर होतं ते वर्ष दीड वर्षात तिशीच्या पुढे. डॉलर करार झाला तेव्हा ३१ रुपयांचा, तो ४६ च्या पुढे. आणि महाग म्हणून आम्ही वीज कमी घ्यायचो, त्यामुळे स्थिर आकार थोड्याच युनिटांवर वाटला जायचा आणि युनिट अजून महाग दिसायचं, म्हणून अजून कमी घ्यायचो. दिवसभर फोनवर हेच, हा सेट खाली आण, तो वर ने.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. गॅसचा प्रकल्प म्हणतात, पण एन्रॉन असेपर्यंत तो एक दिवस गॅसवर चालला नाही. पहिला टप्पा नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या पातळ इंधनावर. गॅस उतरवायचं टर्मिनल दुसऱ्या टप्प्याबरोबर होणार होतं, ते अर्धवट असतानाच मे २००१ ला सगळं बंद पडलं.

---

सुरमई_सोलकढी

काका खाणावळीचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, तिला पहिल्यांदा कळलं म्हणाली एवढ्या वर्षांत.

पण मग हे आधी कोणालाच दिसलं नव्हतं का?? की दिसलं आणि ऐकलं नाही?

---

लोडडिस्पॅच_रिटायर्ड

दिसलं होतं. एप्रिल १९९३ मध्ये, म्हणजे करारावर सही व्हायच्या आठ महिने आधी, वर्ल्ड बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं, आयात गॅसची वीज महाग, आणि प्रकल्प एवढा मोठा की महाराष्ट्राची स्वस्त कोळशाची वीज बंद ठेवून ही घ्यावी लागेल. पुण्याच्या प्रयास या विजेचा अभ्यास करणाऱ्या गटाने आकडे मांडून तेच सांगितलं. २००१ मध्ये सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने सगळं पुन्हा तपासलं, तेव्हा फार उशीर झाला होता. आमच्या बोर्डातल्या अभियंत्यांनाही कळत होतं, पण कळणं आणि फाईलवर लिहिणं यात फरक आहे. मी लिहिलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

---

तळीतला_दुकानदार

मी शृंगारतळीचा, गुहागर तालुक्यातलाच. मी नोकरीचं नाही, धंद्याचं सांगतो.

९६-९७ ला काम जोरात सुरू झालं तेव्हा आमच्याकडे रात्री अकरापर्यंत दुकानं उघडी. आधी सातला अंधार व्हायचा. पंजाबी, बिहारी, केरळी, गोरे पण यायचे जीपमधून. वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यांनी मागच्या परसात पोफळीची बाग होती ती काढली आणि चार खोल्या बांधल्या, भाड्याने द्यायला, पतसंस्थेचं कर्ज काढून. पोफळ एकदा तोडली की पुन्हा सुपारी धरायला सहा सात वर्षं जातात हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या आजोबांनी लावलेली बाग, पण एका खोलीचं भाडं तेव्हा बागेच्या अख्ख्या वर्षाच्या उत्पन्नाएवढं येत होतं तर कोण नाही तोडणार. मी त्यांना दोष देत नाही. मी पण तेच केलं असतं.

२००१ च्या पावसाळ्याआधी भाडेकरू गेले. एकाने भांडी पण ठेवून गेला, येतो म्हणाला परत. आला नाही. चारही खोल्या रिकाम्या आणि हप्ता चालू. वडिलांनी तो फेडला सात वर्षं, दुकानातून. त्या खोल्यांना कुलूप होतं पण ते रोज संध्याकाळी जाऊन दिवा लावून यायचे, घर बंद ठेवलं की वाळवी लागते म्हणायचे.

तेव्हा देवळातल्या मीटिंगला जे विचारायला हवं होतं ते हे, की ही सगळी माणसं जेव्हा जातील तेव्हा आम्ही काय करायचं. पण धंदा चालू असताना हे कोणाला सुचत नाही.

---

वेलदूरची_भाची

दुकानदार दादा, दिवा लावायचे हे वाचून डोळे भरून आले. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

---

वेल्डर_ते_मस्कत

इथे सगळे वाईटच लिहितील म्हणून मी दुसरी बाजू लिहितो. मी रानवीच्या जवळचा, बारावी नापास. ९७ ला गेटवर रोज उभा राहायचो, तिसऱ्या महिन्यात एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलो, ग्राइंडिंग करायचो. एक केरळी वेल्डर होता त्याने मला हात धरून शिकवलं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत स्क्रॅप पाइपावर. पाइपाचं वेल्डिंग तिथे एक्स-रे काढून तपासायचे, आत जरा हवा राहिली की कापून पुन्हा. ते शिकलो म्हणून २००२ ला मस्कतला लागलो, मग कतार, घर बांधलं, दोन बहिणींची लग्नं झाली. सगळं त्या कंपनीच्या गेटमुळे. माझ्या बॅचचे सात आठ जण गल्फला आहेत.

हे पण खरं की बंद झालं तेव्हा माझे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे ठेकेदाराने दिले नाहीत आणि कायम नोकरी आमच्यातल्या कोणालाच नव्हती. कायमचे ते बाहेरचे इंजिनियर. बांधताना हजारो माणसं लागतात, चालवायला मोजकी. गॅसच्या प्लांटला तर कोळशापेक्षाही कमी माणसं लागतात, राख नाही, कोळसा उतरवणं नाही. हे मला आत गेल्यावर कळलं. बाहेर गावात तेव्हा सगळे समजत होते की बांधून झाल्यावर खरी भरती होणार.

---

कातळशिल्प

@वेल्डर_ते_मस्कत हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. आमच्याकडे राजापूरला बारसूच्या वेळी अगदी हेच चालू होतं, रिफायनरी म्हणजे घराघरात नोकरी, आणि कोणी बांधताना किती आणि चालवताना किती हे वेगवेगळं सांगायला तयार नव्हतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाला गाड्या आल्या तेव्हा आमच्या आयाबाया उन्हात कातळावर आडव्या झाल्या होत्या. आणि त्यांच्या तोंडी शब्द काय होता, ‘आमचं एन्रॉन करू नका’. ज्यांचा ९७ ला जन्म पण झाला नव्हता त्या पोरी हे म्हणत होत्या.

---

स्पष्टवक्ता_ठाणे

माफ करा पण मला हे पटत नाही. कोकणात कुठलाही प्रकल्प आणा विरोध ठरलेला. जैतापूर नको नाणार नको बारसू नको. मग पोरं मुंबईला चाळीत राहणार आणि गावात म्हातारी माणसं. २००५ ते २०१२ महाराष्ट्रात बारा बारा तास लोडशेडिंग होतं ते विसरलात का, माझ्या मावशीकडे विदर्भात परीक्षेच्या टायमाला रात्री मेणबत्ती. त्यातली पहिली काही वर्षं दोन हजार मेगावॉट तिथे गंजत होते आणि आपण अंधारात होतो. प्रकल्प चुकला नाही, करार चुकला. दोन्हीची गल्लत करू नका.

---

लोडडिस्पॅच_रिटायर्ड

स्पष्टवक्ता, तुमचं शेवटचं वाक्य मला निम्मं मान्य आहे. यंत्रं उत्तम होती. गॅस टर्बाइन फिरते, तिच्या गरम हवेवर वाफ करून दुसरी टर्बाइन फिरते, त्याच इंधनात जास्त वीज. अर्ध्या तासात कमी जास्त करता येते, कोळशाला ते जमत नाही. मला गॅसचे प्लांट आवडतात हे मी उघड सांगतो.

पण करार बदलल्यावर काय झालं ते पण बघा. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या केंद्राच्या वीज आणि गॅस कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढली, सरकारी कंपनी, डॉलर नाही, रिबेका मार्क नाही. १९६७ मेगावॉट. पुढे कृष्णा गोदावरी खोऱ्यातला गॅस मिळायला लागला, बरी चालली दोन तीन वर्षं. मग तो गॅस आटला आणि २०१३ च्या अखेरीस प्लांट पुन्हा बंद. २०१५ पासून रेल्वेला पाचशेएक मेगावॉट द्यायला लागले तेवढाच आधार होता. आणि आयात गॅसवर वीज तयार ठेवली, आम्ही घेतली नाही, तरी स्थिर आकार द्यायचा का, हे भांडण महावितरणने सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हरले. तीच खाणावळ, तीस वर्षांनी.

म्हणजे मूळ प्रश्न करार कोणाशी हा नव्हताच, गॅस कुठून येणार आणि कोणत्या भावाने हा होता. देशात गॅसवरचे मिळून २० हजार मेगावॉटच्या वर प्लांट आहेत आणि बहुतेक वर्षाचा बराचसा काळ उभेच असतात.

---

बोकडविऱ्याचा

उरणवाला बोलतो. आमच्या गावात गॅसचं वीज केंद्र १९८२ पासून आहे, तेव्हाच्या वीज मंडळाचं, ६७२ मेगावॉट. लोकांना एन्रॉन माहीत, उरण कोणाला माहीत नाही, कारण भांडण झालं नाही, चाललं. बॉम्बे हायचा गॅस समोरच उतरतो, पाइपलाइन हातभर लांब, भाव सरकारी. आमच्या आळीतले काही जण तिथे कायम नोकरीत होते, रिटायर झाले, पेन्शन घेतात.

पण तिथेही पुढे गॅस कमी पडला, अर्धी युनिटं थंड. वाढवायचा प्रस्ताव कितीदा आला आणि गेला, गॅसच नाही म्हणून.

आणि नोकरीत कायम झालो ते आपोआप नाही झालो. उरणच्या माणसाला जमिनीचं भांडण नवं नव्हतं. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या मागे सगळं गाव उभं होतं. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचा हक्क मिळाला. तो सिडकोच्या जमिनीचा होता, वीज केंद्राचा नाही, पण त्यानंतर कुठल्याही साहेबाला आमच्याशी कागदावर बोलावं लागायचं. तोंडी नाही.

---

सुरमई_सोलकढी

९७ बद्दल कोणी लिहिलं नाही अजून. भाची ताई, तुम्हाला नको असेल तर राहू दे, पण वेलदूर म्हटल्यावर मला तेच आठवतं.

---

वेलदूरची_भाची

नको असं नाही. मी तेव्हा तिथे नव्हते, दहावी सुरू होणार होती म्हणून त्या वर्षी गेलेच नाही सुट्टीला. म्हणून मी पाहिलेलं नाही आणि मीच वर लिहिलंय की ऐकीव नको. पण जे छापून आलेलं आहे ते सांगते. ३ जून १९९७, पहाटे पोलिस वेलदुरात शिरले, घरांची दारं तोडली, पुरुष बरेचसे समुद्रावर, बायकांना झोपेतून ओढून बाहेर काढलं आणि लाठ्यांनी मारलं. त्याच वर्षी जुलैत अ‍ॅम्नेस्टीने त्यावर अहवाल काढला, जानेवारी ९९ ला ह्यूमन राइट्स वॉचने मोठा अहवाल काढला. मेधा पाटकर, माजी न्यायमूर्ती कोळसे पाटील सगळे येऊन गेले, बंदी हुकूम, अटका.

मामीने मला त्याबद्दल कधी एक शब्द सांगितला नाही. एकदा विचारलं तर म्हणाली भात उतरव, करपेल. नंतर मी नाही विचारलं.

एकच वाक्य तिचं मला आठवतं पण ते त्या आधीचं, मोजणीच्या वेळचं. देवळात मीटिंगला बायका मागे बसल्या होत्या आणि पुढचे साहेब नोकरी नोकरी सांगत होते, तर ही मागून म्हणाली, “नोकरी मिलंल वो, पन खाडी परत मिलंल का?” सगळे वळून बघायला लागले. मामा घरी आल्यावर रागावेल असं मला वाटलं होतं, तो काही बोलला नाही, वही घेऊन ये म्हणाला.

---

स्पष्टवक्ता_ठाणे

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे एन्रॉनला विरोध झाला हे माहीत होतं पण घरात शिरून बायकांना... मी वरचं मत बदलत नाही की वीज हवी, पण या बाबतीत मी काही बोलू शकत नाही. सॉरी ताई.

---

खाडीपलीकडचा

आठवलं म्हणून लिहितो. गॅसच्या जहाजाचं. टर्मिनल शेवटी २०१३ च्या जानेवारीत चालू झालं, पहिलं जहाज आलं तेव्हा आम्ही दाभोळच्या बंदरावर बघायला गेलो होतो, लहान पोरं खांद्यावर घेऊन. भलं मोठं जहाज. पण समुद्रातला बांध, ब्रेकवॉटर, पुरा नव्हता झालेला, म्हणून पावसाळ्यात जहाज लावता यायचं नाही. आमच्या होड्या पावसाळ्यात वर काढतात, नारळी पौर्णिमेला पाण्यात घालतात, तसंच तेव्हा त्यांचंही होतं. आजोबा असते तर त्यांनी सांगितलं असतं की त्या तोंडावर जून ते ऑगस्ट काय लाटा असतात. विचारायला कोण आलं नाही त्यांना.

मासळीचं विचाराल तर कमी झाली हे नक्की. पण कशाने झाली हे मी छातीठोक सांगणार नाही, लोट्याच्या एमआयडीसीतल्या केमिकलचं पाणी पण याच वाशिष्ठीत येतं, पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटीवाले, पण आहेत. कंपनीच्या माथी सगळं मारणं बरोबर नाही. खाडीचं नीट मोजमाप कंपनी यायच्या आधी झालं असतं, कुठे किती कालवं, कुठे तिसऱ्या, तर आज बोट ठेवून सांगता आलं असतं. नुकसानभरपाई मागायला गेलेल्यांना हेच ऐकावं लागतं, पुरावा काय.

---

नवीन_सभासद_विदर्भ

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या गावाजवळ एक वीज प्रकल्प येणार अशी चर्चा आहे, गॅसचा की कशाचा ते नक्की नाही, मोजणी झाली आहे. जनसुनावणी होईल म्हणतात. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, शेती करतो. हा धागा रात्री दोन वाजेपर्यंत वाचला. सुनावणीत आम्ही काय विचारावं ते कोणी साध्या भाषेत सांगेल का? वकील लावण्याएवढे पैसे नाहीत.

---

लोडडिस्पॅच_रिटायर्ड

जरूर. आधी पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मागा, तो ग्रामपंचायतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, आणि सुनावणीच्या नोटिशीला ३० दिवसांची मुदत असते, त्या आधीच वाचून घ्या, सगळ्या गावाला वाचून दाखवा. मग विचारा गॅस कुठून येणार, पाइपलाइन आहे की होणार आहे, गॅसचा करार झालाय की नुसती बोलणी. त्यावर गप्प बसले तर बाकी सगळं हवेत आहे असं समजा. मग वीज कोण विकत घेणार, करार झालाय का. पाणी किती घेणार, कुठल्या धरणातून, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर आधी कोणाचं तोडणार, शेतीचं की त्यांचं. आणि तुमच्या खाडीपलीकडच्या मित्राने सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं, आजच्या विहिरींची पातळी, आजचं पीक, आजचं पाणी तपासून कागद करून ठेवा, तलाठ्याच्या सहीने. नंतर कोणी विचारलं पुरावा काय तर तुमच्या हातात असेल.

---

वेल्डर_ते_मस्कत

आणि नोकऱ्यांचे दोन आकडे मागा. बांधताना किती आणि पाचव्या वर्षी किती. त्यातल्या कायम किती, ठेक्याच्या किती. पोरांना आतापासून आयटीआयला घाला, गेटवर उभं राहून हेल्पर होऊ नका माझ्यासारखं. मी नशिबाने शिकलो.

---

बोकडविऱ्याचा

तोंडी काहीही मान्य करू नका. सुनावणीत जे बोलाल ते इतिवृत्तात आलं का ते बघा, नाही आलं तर तिथल्या तिथे लेखी द्या आणि पोच घ्या. बायकांना पुढे बसवा.

---

तळीतला_दुकानदार

आणि बागा तोडू नका भाऊ. खोल्या बांधायच्या तर पडीक जागेवर बांधा.

---

नवीन_सभासद_विदर्भ

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून घेतो. आमच्याकडे बागा संत्र्याच्या आहेत. सांगतो घरी.

---

वेलदूरची_भाची

काल रात्री मामेभावाला फोन केला, त्याला म्हटलं मामाची ट्रंक उघड आणि बघ माझ्या वहीचा कागद आहे का. तो म्हणाला तीस वर्षं झाली, कसला कागद. आज दुपारी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. रेशनकार्डाच्या जुन्या पाकिटात घडी घालून होता.

सहा प्रश्न आहेत. माझंच अक्षर, निळ्या शाईचं, ‘प्रकल्प’ मी ‘प्रकलप’ लिहिलंय. पहिला नोकरीचा, दुसरा गरम पाण्याचा, ते मला आठवत होते. तिसरा, जहाजे येतील तेव्हा जाळ्यांचे नुकसान कोण भरणार. चौथा, मासळी सुकवण्यास जागा कोठे मिळणार, हा मामीचा असणार. पाचवा, गावास वीज फुकट की विकत. सहावा, कंपनी बंद झाल्यास जमीन मूळ मालकास परत मिळणार काय.

मामा २०११ ला गेला. हा सहावा त्याने विचारला होता हे मला अजिबात आठवत नव्हतं. तेव्हा कंपनी उभीच राहिली नव्हती.

वर आवक शिक्का आहे, नंबर आहे, तारीख निम्मी पुसली आहे. म्हणजे ही पोच, दुसरी प्रत ऑफिसात गेली. आणि प्रत्येक प्रश्नाखाली दोन दोन ओळी कोऱ्या आहेत. ते मात्र मला नीट आठवतं, मी ओळीखाली ओळ लिहीत चालले होते तर मामाने पेन धरलं माझं, म्हणाला जागा सोड गो मधे, ते उत्तर कुठं लिहितील.